धरण मायनसमध्ये गेल्यावर

"दादा, फ्लेमिंगो आहेत का?"

नोव्हेंबर ते मार्च माझा फोन याच एका प्रश्नानं वाजतो. एप्रिल लागला की गप्प होतो. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर लोकांना पक्षी दाखवायचं काम मी 16 वर्षं करतोय. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या पट्ट्यात माझ्यासारखे आता बरेच जण आहेत. बहुतेकांच्या घरी जाळं आणि होडी आधीपासूनची, दुर्बीण मागनं आली. एप्रिलात पट्टकादंब हंस कधीच निघून गेलेले असतात, रोहित पांगलेले असतात, होड्या काठावर पालथ्या पडतात आणि हॉटेलवाले चिलापीची खरेदी निम्म्यावर आणतात. सगळे म्हणतात, सीझन संपला. पहिली पाच-सहा वर्षं मीही तेच म्हणायचो आणि उन्हाळाभर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ड्रायव्हरकी करायचो.

आता मे महिन्यात मी दुसरं काम धरत नाही. घरी यावरून दर वर्षी एकदा बोलणं होतं, ते असो.

आमच्याकडं उन्हाळा कॅलेंडरवरून कळत नाही, धरण मायनसमध्ये गेलं की कळतो. बाहेरच्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागतं. उजनीत एकूण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीच्या वर मृतसाठा. वरचा, वापरायचा साठा संपला की पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असा मथळा येतो. मग सोलापूरसाठी नदीत पाणी सोडायचं का, किती सोडायचं, यावरून तिकडं वादावादी सुरू होते आणि इकडं आमच्याकडं मोटारींची पळापळ. पाणी रोज मागं सरकतं. शेतकरी चर खोदतो, पाइप जोडतो, केबल ओढतो, मोटार पुढं नेऊन ठेवतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. कुणी ओल्या गाळपेराच्या जमिनीवर काकडी-कलिंगड टाकून बघतो. काठ उताराचा असेल तर पाणी वीतभर हटलेलं दिसतं, पण सपाट जागी एका रात्रीत वीस-पंचवीस पावलांचा नवा गाळ उघडा पडतो.

या उघड्या पडलेल्या गाळावरच माझं मे महिन्याचं काम असतं. काठाच्या पक्ष्यांना पाणी लागतं, पण बेतानं. टिलवा हा लिंबापेक्षा हलका पक्षी, त्याचे पाय आपल्या बोटाच्या दोन पेरांएवढे. पाणी त्याच्या गुडघ्यावर गेलं की तो उडतो. तुतवाराला त्याहून थोडं जास्त चालतं. पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून लांब चोच खाली घालतो. शेकाट्या तर तांबड्या काड्यांवर उभा केल्यासारखा, तो वीतभर पाण्यातही निवांत चरतो. जत्रेतल्या पंगतीसारखी ही मंडळी आपापली रांग सोडत नाहीत. धरण भरलेलं असताना पाणी बाभळींच्या बुंध्याला लागलेलं असतं, तेव्हा यांना पाय टेकायला जागाच नसते. म्हणून धरण मायनसमध्ये गेलं की गावाच्या पोटात गोळा येतो आणि मी सकाळी साडेचारला उठतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि याबद्दल मला थोडं अवघडल्यासारखंही वाटतं.

10 मे 2025, शनिवार. मे महिन्याचा दुसरा शनिवार हा स्थलांतरित पक्ष्यांचा जागतिक दिवस धरतात, म्हणून जवळच्या एका कॉलेजच्या मॅडम पाच मुलं घेऊन आल्या होत्या. पावणेपाचला मारुतीच्या देवळासमोर भेटलो. मॅडमनी आधीच सांगितलं, "दादा, मुलांना मोठे पक्षी बघायची सवय आहे. आज काही नाही दिसलं तरी चालेल." मी म्हणालो, "दिसंल की. फक्त बारीक दिसंल."

मेमध्ये दव नसतं. पहाटेचा वारा पाण्यावरून येतो तेवढाच गार, आणि त्याला शेवाळ, कुजलेलं जलपर्णीचं पान आणि मेलेला मासा असा तिन्हींचा मिळून एक वास असतो. पहिल्यांदा येणारा नाकाला रुमाल लावतो. मला तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. अंधारात तीन-चार मोटारींची घरघर चालू होती. आम्ही वेड्या बाभळीतून खाली उतरलो आणि व्हायचं तेच झालं. टिटवीनं बोंब ठोकली. एकीनं सुरू केली, दुसरीनं ओढली, आणि अर्ध्या किलोमीटरच्या काठाला आमची वर्दी गेली. टिटवी ओरडली की अशुभ, असं आमच्याकडं म्हणतात. टिटवीच्या बाजूनं बघितलं तर अशुभ आम्ही होतो.

गाळात चालायची एक रीत आहे. वरचा गाळ वाळून फुटलेला असतो, त्याच्या भेगांत हात जातो, पण तो माणूस पेलतो. त्याच्या पुढचा पट्टा फसवा. वर पापडी, आत शिरा. त्याच्याही पुढं चकाकणारा ओला गाळ, तिथं तर कुणी जायचंच नाही. एक पोरगा फोनमध्ये बघत चालला होता, तो पापडीवरून गुडघ्यापर्यंत आत गेला. सगळे हसले, तोही हसला, मग पाय निघेना तेव्हा हसायचा थांबला. असं झालं की पाय सरळ वर ओढायचा नाही. जेवढा ओढाल तेवढा गाळ चोखून धरतो. आधी टाच हलवून सैल करायची, आत हवा शिरू द्यायची, मग गुडघा वाकवून पाय मागच्या अंगाला काढायचा. पाय निघाला, सँडल राहिली. अजून तिथंच असणार.

साडेपाचला दिसायला लागलं. मी स्कोप लावला आणि मुलांना एकेक करून डोळा लावायला सांगितलं. पहिल्या मुलीनं बघितलं आणि म्हणाली, "गाळ हलतोय." तिला तसंच दिसलं असणार. चाळीसएक टिलवे गाळावर एकत्र चरत होते, मान खाली, चोच शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर. त्यांच्यात दोन-तीन ठिपकेवाले तुतवार, शेपटी हलवत. पलीकडं खोल पाण्यात चार पाणटिवळे. आणि रफ एकच, नर, तोही अर्ध्या पिसांतला.

हिवाळ्यात हेच पक्षी दाखवायला मला नको वाटतं. सगळे राखाडी, सगळे एकसारखे. पर्यटक विचारतो, "हा कोणता?" मी सांगतो. तो विचारतो, "आणि हा?" मी सांगतो. तिसऱ्यांदा तो रोहितांकडं वळतो. त्यात त्याची चूक नाही, मलाही ते ओळखायला चार वर्षं लागली. पण एप्रिल-मेमध्ये टिलव्याच्या पाठीवर विटकरी रंग चढतो, काळ्या पिसांना तांबड्या कडा येतात. पाणटिवळ्याची मान भाजलेल्या विटेसारखी होते. रफ नराच्या गळ्याभोवती झालर फुटायला लागते, पूर्ण झालर मात्र आपल्याला इथं दिसत नाही, ती तिकडं पोचेपर्यंत भरते. गावच्या लग्नाला निघालेल्या माणसानं एसटी स्टँडवरच नवे कपडे घालून उभं राहावं, तसे हे लोक आमच्या गाळावर उभे असतात.

आणि खातात. निघायच्या आधीच्या आठवड्यांत हे पक्षी अंगावर इतकी चरबी चढवतात की काहींचं वजन दीडपट, कधी दुप्पट होतं. उडताना तीच जाळायची. टिलव्याचं गाव सैबेरियाच्याही उत्तर टोकाला, जिथं झाड उगवत नाही आणि जूनमध्ये सूर्य मावळत नाही. एवढ्याशा अंगाला एवढा रस्ता. मुलांना मी 2022 सालची एका गॉडविटची गोष्ट सांगतो. आमच्या पाणटिवळ्याचाच तो भाऊबंद. पाठीवर यंत्र लावलेलं ते चार-पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून उडालं आणि 11 दिवसांनी टास्मानियात उतरलं. 13,560 किलोमीटर, मध्ये कुठंही न थांबता. समुद्रावर त्याला थांबायला जागाच नाही आणि पाण्यावर बसायची त्याची जात नाही.

मला यातला किलोमीटरचा आकडा तेवढा लागत नाही. लागतं ते 'पिल्लू'. यांच्यातल्या कितीतरी जातींत आईबाप आधी निघून येतात. जुलैच्या शेवटी आमच्याकडं पहिले तुतवार उतरतात ते म्हातारे. पोरं मागं राहतात, खातात, पंख भरतात आणि महिनाभरानं आपली आपण निघतात. रस्ता दाखवायला कुणी नसतं. तरी ती येतात.

मोजायचं काम मी एका मेंढक्याकडून शिकलो. पुस्तकात मोजणीची पद्धत दिलेली असते, पण टिलवे पुस्तक वाचून थांबत नाहीत. मेंढका एकेक मेंढरू मोजत नाही. वीस झाली की एक खडा, पुन्हा वीस, पुन्हा खडा. 'चार विसा आणि सात' असं तो सांगतो आणि त्यात चूक निघत नाही. मी डोळ्यानं वीसचा एक ठिपका बसवतो आणि तो थव्यावर पुढं पुढं सरकवत नेतो. मुलांनी करून बघितलं. पाच जणांचे पाच आकडे आले, बत्तीसपासून नव्वदपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "सरासरी काढा." मी म्हणालो, "सरासरी नको, पुन्हा मोजा." तिसऱ्या वेळी चौघांचं एकेचाळीस-बेचाळीसवर जमलं.

त्या चारांतल्या एका पाणटिवळ्याची चोच एकदा नीट बघायला मिळाली. पाणी स्थिर होतं आणि सूर्य आमच्या पाठीला. त्यानं चोच डोळ्यापर्यंत गाळात खुपसली आणि तसाच थांबला. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण जाणकार सांगतात ते असं: चोचीच्या टोकाला स्पर्श कळणाऱ्या बारीक खळग्या असतात, त्यांना गाळातली हालचाल कळते. आणि वरच्या चोचीचं फक्त टोक तो आतल्या आत उचलू शकतो, बाकीची चोच मिटलेलीच. म्हणजे चिमटा गाळात घालून तिथंच उघडायचा. मग तो मागं सरला, चोचीत काहीतरी वळवळत होतं, आणि ते त्यानं गिळलं. जाळ्यात हात घालून मासा चाचपणाऱ्या माझ्या आण्णांची मान अशीच तिरकी होते. बघत कुठंच नाहीत, सगळं लक्ष बोटांत.

नावांचं एक सांगतो. मी हे काम शिकलो तेव्हा पुण्याहून येणाऱ्या लोकांकडून इंग्रजी नावं आधी शिकलो. स्टिल्ट, स्टिंट, रफ, गॉडविट. आण्णांना शेकाट्या आणि टिटवी माहीत होती, बाकी सगळे 'चिखलातले बारके'. मग मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' हातात आला आणि कळलं की या बारक्यांना आपल्या भाषेत टिलवा, तुतवार, चिखल्या अशी ठसठशीत नावं आहेत. आता मी दोन्ही सांगतो. पण मुलांना 'चिखल्या' म्हटलं की ती हसतात आणि हसलं की लक्षात राहतं.

सव्वासहाला मागच्या मुलीनं तो प्रश्न विचारला, जो मे महिन्यात हमखास येतो. "दादा, घरटं दाखवाल का?"

मी नाही म्हणालो. ती बिचारी वरमली. मग मला कारण सांगावं लागलं, ते इथंही सांगतो.

काही वर्षांमागची गोष्ट. असाच मे. एक फोटोवाला आला होता, हातात दोन फुटी लेन्स. माणूस चांगला, बोलायला गोड. त्याला कंठेरी चिखल्या अंड्यावर बसलेला हवा होता. मला जागा माहीत होती. सकाळी माझं दुसरं भाडं होतं, म्हणून त्याला मी दहा वाजता घेऊन गेलो. पहिली चूक ती. चिखल्या उठला, पंख मोडल्यासारखा लोळत आम्हाला लांब न्यायला लागला. फोटोवाल्याला ते फार आवडलं. तो अंड्यांपासून पंधरा पावलांवर बसून राहिला आणि पक्षी परत यायची वाट बघायला लागला. पक्षी आम्ही उठायची वाट बघत होता. चाळीस मिनिटं अशी गेली. दगड एवढे तापलेले की मला उकिडवं बसवत नव्हतं. 'साहेब, उठा' हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत, कारण पाचशे रुपये जास्तीचे कबूल झाले होते.

दुसऱ्या दिवशी चिखल्या अंड्यावर बसलेला होता. मला बरं वाटलं. यांची अंडी साधारण 22 ते 25 दिवसांत फुटतात. माझ्या हिशेबानं मेअखेर फुटायला हवी होती. मेअखेर झाली. जूनची पाच तारीख झाली. तो बसलेलाच. दुपारच्या उन्हात अंड्यांवर पाय फाकून उभा राहून सावली करायचा, मध्येच पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणायचा आणि ओल्या पोटानं पुन्हा अंड्यांवर यायचा. आत काही उरलं नाही हे मला कळलं होतं, त्याला कळत नव्हतं. नऊ जूनला पाऊस झाला, त्यानंतर तो दिसला नाही. ती अंडी मी हातात घेऊन बघितली. बोराएवढी, चारही. तेव्हापासून घरटं दाखवत नाही. कुणी जास्तीच्या पैशांचं नाव काढलं तर त्या दिवशी दुर्बीणसुद्धा देत नाही.

मुलीनं पुढं काही विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या सकाळी आम्ही उभे होतो तिथून साठ-सत्तर पावलांवर एक घरटं होतं, आणि ते मला एक मेला, शाळेच्या झेंडावंदनाला जायच्या आधी सापडलं होतं.

त्या जागेबद्दल सांगायला हवं. 1980 साली धरण पूर्ण झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. मी नव्या गावठाणात जन्मलो. मला जुनं गाव दिसतं ते फक्त उन्हाळ्यात, तेही सगळ्या उन्हाळ्यांत नाही. 2024 साली धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली उतरलं तेव्हा पळसदेवचं देऊळ बघायला लोकांची रीघ लागली होती. त्याच महिन्यात मी आण्णांना खांद्याला धरून खाली आमच्या जुन्या गावात नेलं. दगडांचे ढीग, मध्ये गाळ. मला काही कळत नव्हतं. ते मात्र काठीनं दाखवत चालले. "ही चावडी. हितनं वळायचं. हा आड. ह्यो तुझ्या चुलत्याचा वटा, आन् ह्यो आपला." ओट्यावर जरा टेकले. घर नव्हतं, जोतं होतं, कमरेएवढं, दोन घडीव दगडांत शेवाळ वाळून पांढरं झालेलं. मला वाटलं आता काही बोलतील. म्हणाले, "तंबाखू हाय का?"

वस्तीच्या जागेला आपल्याकडं पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. पक्ष्यांनी ही वाटणी जशीच्या तशी धरलेली मी बघितली आहे. टिलवे, तुतवार, पाणटिवळे चरतात ते जुन्या काळीत, जिथं एकेकाळी ज्वारी व्हायची, कारण मऊ गाळ तिथं साचतो. आणि कंठेरी चिखल्या, टिटवी, पाणभिंगरी अंडी घालतात ती पांढरीवर, कारण खडे, खापऱ्या, चुन्याचे तुकडे तिथं आहेत आणि अंडी त्यांच्यात मिसळून जातात. एक मेला सापडलेलं घरटं चुलत्यांच्या जोत्यावर होतं. घरटं कसलं, बशीएवढा खळगा, त्यात बारीक खडे आणि कौलाच्या दोन कपच्या. चार अंडी, टोकं आतल्या बाजूला, चौघांनी डोकी जुळवून बसावं तशी. वाळूच्या रंगावर काळे बारीक फराटे. मी पहिल्या नजरेत ती अंडी बघितलीच नव्हती, खळग्याशेजारची चुन्याची खडी बघत होतो. मग आलो तसा उलट्या पावली निघालो, आणि जाताना पाय दगडांवरच ठेवले, कारण गाळावर उमटलेली माणसाची पावलं कुत्रं वास काढत गाठतं.

तर मुलांना मी स्कोपमधून जोतं दाखवलं, घरटं नाही. "तिथं माझे चुलते राहायचे," एवढंच म्हणालो. पिवळ्या कड्याचा एक डोळा दगडांमधून आमच्याकडं बघत होता. ते पाचांपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मॅडमच्या आलं असावं. त्यांनी डोळा स्कोपवरून काढला आणि काही न बोलता मुलांना दुसरीकडं वळवलं.

सातला मेंढरं आली. दोन-अडीचशे असतील. धरणातल्या नव्या हरळीवर उन्हाळ्यात लांबलांबचे कळप उतरतात. शेकाट्यांनी सपाट ओल्या भागावर गाळाचे उंचवटे करून घरटी केली होती. मी लांबून मोजलेली अकरा. मेंढरं सरळ तिकडं निघाली आणि शेकाटे एकदम उठून किंचाळायला लागले, कळपावर झेपा घ्यायला लागले. मेंढरू असल्या ओरड्याला भीक घालत नाही. मी पळत जाऊन मेंढक्याला गाठलं. म्हातारा होता, डोक्याला तांबडं पागोटं.

"पाव्हणं, जरा वरच्या अंगानं घ्या की. खाली अंडी हायती."

"कुणाची?"

"शेकाट्याची. टिटवीची बी हायती."

टिटवीचं नाव काढल्यावर तो थांबला. "टिटवीनं कुठं घातल्यात? उंचावर का खाली?"

टिटवीनं उंचावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस चांगला, हे गणित आमच्याकडं सगळ्यांना पाठ. मी म्हणालो, "जोत्याच्या कडंला. उंचावरच म्हना." त्यानं एक शीळ घातली, कुत्र्यानं कळपाला वळसा मारला आणि मेंढरं वरच्या हरळीकडं वळली. धरणाच्या तळाला अंडी घालणाऱ्या टिटवीला उंच काय आणि खाली काय कळणार, असं मला वाटत होतं. पण त्या क्षणी वाद घालायची जागा नव्हती.

बरोबर आठला मी सगळ्यांना मागं वळवलं. मुलं कुरकुरली, आत्ता तर दिसायला लागलं होतं. पण आठनंतर दगड तापतात, आणि आपण काठावर उभे असलो की पक्षी अंड्यांपासून लांब उभा राहतो.

24 मेच्या पहाटे मी एकटाच गेलो. जोत्यावरचा खळगा रिकामा होता. वाकून बघितलं तर कणीएवढे टरफलाचे दोन तुकडे खड्यांत पडलेले. पिवळा बलक नाही, कुत्र्याचं पाऊल नाही. मी ताठ उभा राहिलो तोच तीस पावलांवर चिखल्या लोळायला लागला, एक पंख मोडल्यासारखा ओढत, पी-पी करत. म्हणजे पिल्लं होती, तिथंच कुठंतरी खड्यांत बसलेली. मी ती शोधली नाहीत.

25 मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला, पस्तीस वर्षांत आला नव्हता इतका लवकर. बारामती, इंदापूर, दौंड या भागात तेव्हा पडलेला पाऊस इकडच्या लोकांच्या लक्षात आहे. ओढे फुटले, भीमेला पाणी आलं आणि भर मे महिन्यात धरण चढायला लागलं. गावात पेढे वाटले. मी 27 तारखेला बाभळींपर्यंत जाऊन आलो. शेकाट्यांची अकरा घरटी होती तिथं पाण्यावर फेस तरंगत होता. जोतं अर्धं बुडालं होतं. चिखल्या दिसला नाही, पण ते चालायचंच. पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांत पळायला लागतात. तो मेंढका मागं एकदा बाजारात भेटला. म्हणाला, "बघा, टिटवी खोटं बोलत न्हाय."

तुम्हाला मे महिन्यात यायचं असेल तर या. फोन लागतो. पहाटे पावणेपाचला देवळासमोर उभं राहा, टोपी आणि पाणी आणा, सँडल पट्ट्याची असू द्या. आठ वाजता परत फिरायचं.